तळ्याकाठी उन्हाळाभर: कॅम्पग्राउंडवर जोडीनं काम करायचं असेल तर

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. या दोन सोमवारांच्या मधले दिवस म्हणजे कॅम्पग्राउंडचा, तंबू किंवा ट्रेलर लावून मुक्काम करायच्या जागांचा, हंगाम. त्या काळात देशभरातली असंख्य जोडपी, त्यांतली बरीचशी निवृत्त, आपला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन एखाद्या तळ्याकाठी मुक्काम ठोकतात. जागेचं भाडं देत नाहीत, त्याबदल्यात तिथलं काम करतात. मिशिगनमध्ये आम्ही दोघंही हे करतो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "फुकट राहायला मिळतं ना?"

फुकट नाही. भाडं तासांच्या रूपात द्यावं लागतं, एवढाच फरक. किती तास, कुणाचे, कशाच्या बदल्यात, हे निघण्याआधी कागदावर आलं तर उन्हाळा छान जातो. नाही आलं तर जुलैपर्यंत दोघं एकमेकांवर चिडलेली असतात. म्हणून हे सगळं क्रमानं सांगते.

१. आधी आपला व्हिसा बघा

आपल्या लोकांसाठी ही पहिली पायरी, आणि नेमकी हीच सगळे वगळतात. नागरिक असाल किंवा ग्रीनकार्ड असेल तर अडचण नाही. एच-१बी असेल तर ज्यानं तुम्हाला प्रायोजित केलंय त्याच्याचकडे काम करता येतं, शनिवार-रविवारचं 'छोटंसं' कामही दुसरीकडे चालत नाही. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल आणि कामाचा परवाना नसेल तर पगारी काम बंद.

"पण आम्ही पगार घेणारच नाही!" हे मला नेहमी ऐकवलं जातं. अहो, महिनाभराची फुकट जागा हाही मोबदलाच धरला जाऊ शकतो. ग्रीनकार्ड हातात येण्याआधी असलं काही करायचं असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

दुसरा सापळा आई-बाबांचा. ते भारतातून नेमके उन्हाळ्यातच येतात, पर्यटक व्हिसावर. बाबांना बसून बसून कंटाळा येतो, मग वाटतं की लाकडांच्या विक्रीवर तासभर बसले तर काय बिघडलं? बसवू नका. पाहुणे म्हणून ते तुमच्या ट्रेलरमध्ये राहू शकतात का, तेही आधी ऑफिसला विचारा.

२. काम कुणाकडे करायचं ते ठरवा

राज्याची उद्यानं. इथे तुम्ही स्वयंसेवक असता, पद 'कॅम्पग्राउंड होस्ट'. मिशिगनच्या सरकारी उद्यानांत साधारण अट अशी: आठवड्याला ३० तास, त्यात शनिवार-रविवार आणि सुट्ट्या आल्याच, सलग किमान चार आठवडे मुक्काम. राहण्याचं सगळं साहित्य तुमचं. पैसे मिळत नाहीत, जागेचं भाडं माफ होतं. लोकांना जागा दाखवणं, माहिती देणं, मुलांसाठी खेळ-हस्तकला घेणं, बारीकसारीक देखभाल असं काम. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. नियम लिहिलेले असतात आणि डोक्यावर रेंजर, म्हणजे उद्यानाचा अधिकारी, असतो.

केंद्र सरकारची जागा. फॉरेस्ट सर्व्हिस (राष्ट्रीय जंगलं सांभाळणारं खातं), आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (लष्कराचं अभियंता खातं) वगैरे. धरणांमागच्या तळ्यांवरची पुष्कळ कॅम्पग्राउंड कोअरच्या ताब्यात आहेत. यांच्या स्वयंसेवकांच्या जागा व्हॉलंटिअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर येतात. करारावर सही केली की कामावर झालेल्या दुखापतीसाठी केंद्रीय कर्मचाऱ्यासारखं संरक्षण मिळतं. अशा संस्थांसाठी २५० तास भरले की राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही मिळू शकतो.

ठेकेदार. राष्ट्रीय जंगलांतली बरीच कॅम्पग्राउंड खासगी कंपन्या ठेक्यानं चालवतात. इथे तुम्ही पगारी नोकर.

खासगी कॅम्पग्राउंड. जागा अधिक पगार, किंवा 'अमुक तास जागेसाठी, वरच्या तासांना पैसे'. पोहण्याचा तलाव, दुकान, मुलांची वर्दळ, त्यामुळे काम जास्त. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी धंद्यात 'स्वयंसेवक' ठेवता येत नाहीत. मालक तो शब्द वापरू लागला तर जरा सावध व्हा.

आता हिशेब. समजा जागेचं महिन्याचं भाडं ८०० डॉलर आहे आणि दोघांनी मिळून आठवड्याला ४० तास द्यायचे आहेत. महिन्याचे सुमारे १७३ तास झाले, म्हणजे तासाला साडेचार डॉलरच्या आसपास. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलंय, मिशिगनचं त्याहून बरंच वर आहे. वर्षातून सात महिन्यांहून जास्त न चालणाऱ्या करमणुकीच्या ठिकाणांना केंद्राच्या किमान वेतनातून सूट मिळू शकते, त्यामुळे मालक म्हणतो ते नेहमीच बेकायदा असतं असंही नाही. पण तुम्हाला परवडतंय का, हा प्रश्न उरतोच. ही आकडेमोड दोघांनी एकत्र बसून करा. सरकारी उद्यानातही हाच भागाकार करता येतो. तिथे आकडा कमी आला तरी मला चालतो, कारण पैसे उद्यानाला जातात, कुणाच्या खिशात नाही.

३. शोध थंडीत घ्या

तळ्याकाठच्या चांगल्या जागांवर जुने होस्ट वर्षानुवर्षं परत येतात. उरलेल्या जागा हिवाळ्यातच भरतात. डिसेंबर-जानेवारीत अर्ज करा. एकाच उद्यानाला चिकटू नका. लडिंग्टन स्टेट पार्कसारखी ठिकाणं, एका बाजूला मिशिगन सरोवर आणि दुसऱ्या बाजूला हॅमलिन लेक, सगळ्यांनाच हवी असतात. शेजारच्या कमी नावाजलेल्या तळ्यावर जागा लवकर मिळते आणि डासही तेवढेच असतात.

अर्ज दोघांचा लागतो, पार्श्वभूमी तपासणीही दोघांची होते. मुलाखत फोनवर किंवा व्हिडिओवर. दोघांनी बोला. एकटा नवरा बोलत राहिला आणि बायको मागे हसत बसली तर समोरच्याला लगेच कळतं की येण्याची हौस कुणा एकाचीच आहे.

४. हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आठवड्याचे २० तास म्हणजे प्रत्येकी २० की दोघांचे मिळून २०? जाहिरातीत 'जोडप्यासाठी २० तास' असं लिहिलेलं असतं आणि तिथे पोचल्यावर अर्थ बदलतो.

मग पुढचे:

- दोघांची सुट्टी एकाच दिवशी असेल का?
- तास कामाचेच मोजणार की 'होस्ट आहे' म्हणून रात्री दार वाजेल तेही? वाजलं तर ते धरणार का?
- विजेचं मीटर वेगळं आहे का? कपडे धुण्याचे, प्रोपेन गॅसचे पैसे कोण देणार?
- आमच्या जागेला पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या आहेत का? वीज ३० अँपिअर की ५०?
- झाडं किती दाट आहेत? सावली हवीच, पण उपग्रहाचं इंटरनेट लावणार असाल तर आकाशही हवं.
- फोनला कुठल्या कंपनीची रेंज येते? ऑफिसात येते म्हणू नका, आमच्या जागेवर येते का?
- संडास-बाथरूमची सफाई आमच्याकडे आहे का?

शेवटचा प्रश्न आपल्याकडचे लोक लाजून विचारत नाहीत, मग पहिल्याच दिवशी बादली हातात आली की चेहरा पडतो. काम हलकं नाही, पण हे इथे कुणालाही करावं लागतं, रेंजरलासुद्धा. नको असेल तर आधी सांगा.

हंगाम संपेपर्यंत राहिलात तर बोनस, अशी अट खासगी ठिकाणी असते. मध्येच घरी अडचण आली तर काय, तेही विचारून ठेवा.

५. राहायची गाडी

बहुतेक ठिकाणी स्वतःचा ट्रेलर, फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकवर टेकवून ओढायचा मोठा ट्रेलर) किंवा मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेलं चाकांवरचं घर) लागतं. काही खासगी कॅम्पग्राउंड दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत. ट्रेलर घेताना तुमची गाडी किती ओढू शकते एवढंच बघू नका. ती आत किती वजन वाहू शकते, हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो आणि बहुधा तोच आधी संपतो. तांदळाची पोती, दोन माणसं, ट्रेलर जोडायच्या हुकावर, म्हणजे हिचवर, येणारा भार, सगळं त्यातच येतं.

पहिल्याच वर्षी नवी गाडी घेऊ नका. वापरलेली घ्या, किंवा राहायला खोली देणारा ठेकेदार शोधा. आणि मे महिन्याआधी घराजवळच्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर दोन-तीन रात्री काढून बघा, शक्यतो पावसात.

६. वीज, पाणी आणि आपला स्वयंपाक

यावर जरा थांबते, कारण इंग्रजीत असली माहिती भरपूर आहे, पण फोडणीचा विचार करून कुणी लिहीत नाही.

३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॅट. एसी साधारण १,५०० खातो. इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात १,८०० घेते. झाले ३,३००. आता पाणी तापवायचा हीटर विजेवर असेल, किंवा कुणी मायक्रोवेव्हचं बटण दाबलं, की अंधार. म्हणून कुकर लावताना एसी बंद, किंवा कुकर गॅसवर. ५० अँपिअरच्या जागेत हा त्रास नाही, तिथे १२,००० वॅटपर्यंत मिळतात. दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारं यंत्र, लावाच. जुन्या कॅम्पग्राउंडचे विजेचे खांब कसे जोडलेत त्याचा भरवसा नसतो.

ट्रेलरचं छत हाताला लागेल इतकं खाली असतं. मिरचीची फोडणी टाकलीत की धुराचा अलार्म बोंबलतो, आणि शेजारचा होस्ट आग विझवायचं नळकांडं घेऊन दारात उभा! फोडणीचं काम बाहेर, छोट्या कॅम्प स्टोव्हवर करा. फक्त उत्तर मिशिगनमध्ये काळी अस्वलं आहेत, तेव्हा झाल्याबरोबर कढई, तेल, कचरा सगळं आत घ्या. वास पोचला की शेजारी विचारायला येतातच. पोहे मात्र जास्तच करा.

फ्रीज लहान असतो. भारतीय किराणा दुकानासाठी ग्रँड रॅपिड्ससारख्या शहरापर्यंत दीड-दोन तास जावं लागू शकतं. कढीपत्ता धुऊन, पुसून, गोठवून न्या. डाळी, मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी यांवर उन्हाळा निघतो.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवा, ती पांढरी किंवा निळी मिळते, आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर नळालाच लावा. ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, तिचा व्हॉल्व्ह सांडपाण्याला जोडलेला असला तरी बंदच ठेवायचा. निदान दोनतृतीयांश भरली की मग सोडायची. व्हॉल्व्ह उघडा ठेवलात तर पाणी वाहून जातं, मैला मागे वाळून ढीग होतो आणि तो काढायला माणूस बोलवावा लागतो. ब्लॅक टँक आधी सोडायची, आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची टाकी नंतर, म्हणजे नळी आपसूक धुतली जाते.

७. कागदपत्रं आणि सामान

पगारी काम असेल तर आय-९ (काम करायचा हक्क दाखवणारा) आणि डब्ल्यू-४ (पगारातून कर कापण्यासाठीचा) हे फॉर्म भरावे लागतात. आय-९ साठी अमेरिकन पासपोर्ट किंवा ग्रीनकार्ड, यांतलं एक पुरतं. नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड, दोन्ही मिळून. मूळ कागद लागतात, फोनमधला फोटो चालत नाही. काय दाखवायचं ते तुम्ही निवडायचं, मालक 'ग्रीनकार्डच दाखव' असा हट्ट धरू शकत नाही.

बाकी हे बरोबर असू द्या: गाडी-ट्रेलरची नोंदणी आणि विमा, आरोग्य विम्याचं कार्ड, औषधांची यादी, कराराची प्रत, तातडीच्या संपर्काचे क्रमांक.

आरोग्य विम्याचं नीट बघा. मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं, पण मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या बऱ्याच योजना तुमच्या भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. त्याबाहेर तातडीचा उपचार मिळेल, नेहमीची तपासणी अडेल. प्रिस्क्रिप्शन जवळच्या गावातल्या दुकानात आधीच हलवून घ्या. टपाल तात्पुरतं वळवायची सोय पोस्टात आहे, किमान १५ दिवसांसाठी.

हत्यारं फार लागत नाहीत: जाड हातमोजे, फावडं, झाकणाची धातूची बादली, हेडलॅम्प, टिक (गोचीड) काढायचा चिमटा, हवामान खात्याचा बॅटरीवरचा रेडिओ, आणि चांगले पावसाळी बूट. मे महिन्यात रात्री गारठा असतो, तेव्हा स्वेटर आणि गोधडी न्यायला विसरू नका.

८. रोजचं काम कसं चालतं

सकाळी निघालेल्या लोकांच्या जागा बघायच्या. शेकोटीच्या लोखंडी रिंगणातली राख काढायची, कचरा वेचायचा. राख वरून गार दिसली तरी आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. पाणी ओता, ढवळा, हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागते का बघा, आणि राख धातूच्याच बादलीत टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही.

दुपारनंतर नवे लोक येतात. मोठा ट्रेलर मागे घेताना नवरा-बायकोचं भांडण रंगात आलेलं असतं. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका, विचारलं तर दोघांना बाजूला करून हातानं खूण करा.

लाकडांवरून वाद होतात. अमेरिकेत २००२ साली डेट्रॉईटजवळ एमराल्ड अ‍ॅश बोअरर हा हिरवा किडा पहिल्यांदा सापडला. तो अ‍ॅश झाडाच्या सालीखाली वाढतो, आणि घरून आणलेल्या जळाऊ लाकडातून शेकडो मैल प्रवास करतो. कोट्यवधी झाडं त्यानं संपवली. म्हणून लाकूड तिथलंच, किंवा उष्णतेनं प्रक्रिया केलेलं घ्या असं सांगावं लागतं. कुणी डिकीभर लाकडं आणलीच तर हुज्जत घालू नका. ऑफिसला कळवा, आणि त्यांना सांगा की इथेच जाळून संपवा, पुढे किंवा परत नेऊ नका.

रात्रीची शांतता दहा वाजता सुरू होते. मिशिगनचा बहुतेक भाग पूर्वेकडची वेळ पाळतो, पण आहे मात्र त्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला. त्यामुळे जूनअखेरीस सरोवराच्या काठी सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो. लोकांची शेकोटी नुकती पेटलेली असते, मुलं टक्क जागी असतात, आणि तुम्ही जाऊन आवाज कमी करा म्हणता! राग येणारच. पावणेदहाला एक चक्कर मारा, हसून 'पंधरा मिनिटं आहेत' म्हणा. दहानंतर आवाज चढला तर एकदा सांगा. दुसऱ्यांदा रेंजरला फोन.

हे नीट समजून घ्या: होस्टकडे पोलिसी अधिकार नसतात. दारू पिऊन भांडण, हत्यार, मारामारी दिसली तर जवळही जाऊ नका. ९११ (तातडीच्या मदतीचा नंबर) आणि रेंजर, त्याच क्रमानं.

लांब वीकेंडला आपलेच लोक येतात. एका जागेवर साधारण सहा माणसांची मर्यादा असते आणि आपण चार कुटुंबं मिळून दोन जागा घेतो, अंताक्षरी साडेदहाला सुरात येते. तिथे मी सरळ मराठीत किंवा हिंदीत बोलते. पहिल्यांदा ओशाळतात, मग चहा देतात. ओळखीचे निघाले म्हणून सूट मात्र द्यायची नाही, बाकीचं अख्खं कॅम्पग्राउंड बघत असतं.

९. पाणी आणि आभाळ

मिशिगन सरोवराला तळं म्हणायचं खरं, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटा समुद्रासारख्या येतात. वाळूच्या पट्ट्यांमधून आणि धक्क्यांच्या कडेनं आत ओढणारे प्रवाह तयार होतात. सरकारी किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, झेंडे असतात: हिरवा, पिवळा, लाल. दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायलाच बंदी, उतरलात तर दंड होऊ शकतो. प्रवाहात सापडलेल्यानं काठाकडे झुंजत पोहायचं नसतं. पाठीवर होऊन तरंगायचं, प्रवाह सैल पडला की बाजूनं बाहेर यायचं. हे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगा, विशेषतः आपल्यांना. त्यांतल्या अनेकांना पोहता येत नाही आणि ते गुडघाभर पाण्याला भीत नाहीत.

आतल्या छोट्या तळ्यांवर वेगळ्या गोष्टी. पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर मुलं आणि कुत्री दूर ठेवा, ते विषारी शेवाळ असू शकतं. धक्क्यावर बोटींसाठी वीज असेल तिथे पोहू देऊ नका. बोटी बाहेर काढल्या की तळाचं बूच काढून सगळं पाणी सांडायचं, २०१९ पासून मिशिगनात हा कायदाच आहे. बोटींना चिकटून झेब्रा मसल हे शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

वादळात ट्रेलर सुरक्षित नाही. टॉर्नेडोची 'वॉर्निंग' आली की विटांच्या बाथरूम-इमारतीत जायचं, आणि लोकांनाही तिकडेच न्यायचं. रोज संध्याकाळी एकमेकांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांत टिक शोधा. त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होतो.

१०. दोघांचं

तीसेक फुटांच्या डब्यात राहायचं, वर कामही एकच. काम वाटून घ्या आणि त्यात ढवळाढवळ करू नका. आमच्याकडे राख आणि दुरुस्ती नवऱ्याची, लोकांशी बोलणं आणि मुलांचे खेळ माझे. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी कॅम्पग्राउंडच्या बाहेर जेवा. आत राहिलात तर सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी 'टॉयलेट पेपर संपलाय' सांगायला येतंच. आणि दोघांपैकी एकाला हे आवडत नसेल तर अर्धा हंगाम घ्या. मिशिगनचे किमान चार आठवडे त्यासाठी उत्तम आहेत.

११. निघताना

लेबर डेनंतर गर्दी एकदम ओसरते. मॅनेजरकडून शिफारसपत्र तेव्हाच घ्या, पुढच्या वर्षी तो माणूस तिथे असेलच असं नाही. गोठण्याआधी ट्रेलरमधलं पाणी काढून नळांत गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रावण, भरा.

पगारी काम केलं असेल तर डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला, जानेवारीत येतो, त्यासाठी घरचा पत्ता देऊन निघा. फुकट मिळालेल्या जागेची किंमत उत्पन्नात धरायची की नाही, तेही आत्ताच विचारा. जागा कामाच्याच ठिकाणी, मालकाच्या सोयीसाठी आणि नोकरीची अट म्हणून दिलेली असेल, तर ती साधारणपणे करातून वगळली जाते. तिन्ही अटी लागतात. करारात तसं वाक्य असेल तर त्याची प्रत कर भरणाऱ्या माणसाला द्या, नसेल तर मॅनेजरकडून दोन ओळी लिहून घ्या.